स्वस्त यंत्र, महाग अक्षर : सामान्य ग्राहकाचा संगणक आणि मराठी

१

एखादी वस्तू स्वस्त झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या भाषेत स्वस्त झाली, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. संगणकाच्या बाबतीत ते विचारणे अगत्याचे आहे. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत हे यंत्र मोजक्या संशोधनसंस्थांच्या वातानुकूलित दालनांतून निघून किराणा दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत आणि शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येऊन पोहोचले. या प्रवासाची हकीकत बहुधा यंत्राच्या उतरत्या किमतीची हकीकत म्हणून सांगितली जाते, आणि ती खोटी नाही. परंतु मराठीतून व्यवहार करू पाहणाऱ्या दुकानदाराला, मराठी पुस्तक छापू पाहणाऱ्या प्रकाशकाला किंवा मराठीत लिहू पाहणाऱ्या लेखकाला संगणकाच्या दोन किमती मोजाव्या लागल्या : एक यंत्राची आणि दुसरी अक्षराची. पहिली किंमत लवकर उतरली. दुसरी उतरण्यास त्यानंतर बराच काळ लागला, आणि तिची बाकी अद्याप पुरती फिटलेली नाही.

या दोन किमती कशा ठरल्या, कशा उतरल्या आणि त्यांतून काय शिल्लक राहिले, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तथापि गणपत कृष्णाजींचा शिळाप्रेस किंवा जावजी दादाजींचे निर्णयसागर यांची दखल न घेता एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहिता येत नाही, हे आपण मान्य केलेले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून पुढील मराठी ग्रंथव्यवहाराला हाच न्याय लावावयाचा, तर संगणकाच्या बाजारभावाची दखल साहित्याच्या अभ्यासकालाच घ्यावी लागेल.

२

भारतातील संगणकाचा आरंभ खरेदीने झाला नाही. तो बांधणीने आणि भाड्याने झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशात रचलेला पहिला मोठा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. हे यंत्र संशोधनाचे होते. व्यापारी संस्थांना संगणक मिळे तो मुख्यतः आयबीएम या अमेरिकन कंपनीकडून, आणि तोही मासिक भाड्याने. परदेशात वापरून झालेली यंत्रे दुरुस्त करून भारतात भाड्याने दिली जात, अशी टीका त्या काळी वारंवार झाली. भाडे देणारा ग्राहक म्हणजे मोठी कंपनी, विमा महामंडळ किंवा सरकारी खाते. सामान्य ग्राहक हा शब्द या बाजाराच्या कोशातच नव्हता.

त्या वेळी यंत्राला आज्ञा देणारी जी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तिला वेगळी किंमत नव्हती. यंत्राबरोबर ती येई. १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र आणि आज्ञावली यांची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले, तेव्हापासून आज्ञावली ही स्वतंत्र विक्रेय वस्तू होण्याच्या मार्गाला लागली. आज जिला आपण सॉफ्टवेअरची बाजारपेठ म्हणतो, तिचे मूळ या एका व्यापारी निर्णयात बरेचसे सापडते.

भारतात मात्र या सुमारास प्रश्न किमतीचा कमी आणि परवान्याचा अधिक होता. संगणक आयात करावयाचा तर परकीय चलन, आयात परवाना आणि सरकारी अनुमती या तिन्ही उंबरठ्यांवर थांबावे लागे. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकीकरणाला साठच्या दशकात कर्मचारी संघटनांनी कडवा विरोध केला होता. यंत्र आले की माणसाचे काम गेले, ही भीती निराधार नव्हती. १९७३ च्या परकीय चलन नियंत्रण कायद्यानुसार भारतीय भागीदारी वाढविण्यास नकार देऊन आयबीएमने १९७८ मध्ये येथील कारभार आवरता घेतला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने हाती घेतली, आणि एचसीएल, डीसीएम यांसारख्या देशी कंपन्यांना लहान संगणक बांधण्यास अवकाश मिळाला. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसला आपला पहिला संगणक आयात करून घेण्यास दीर्घ काळ खटपट करावी लागली, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. ज्या धंद्याचे हत्यारच संगणक, त्याची ही अवस्था असेल, तर एखाद्या आडत दुकानदाराची काय कथा?

३

यंत्राची किंमत उतरण्याची कारणे तीन. ती निरनिराळ्या ठिकाणी निर्माण झाली आणि १९८० नंतरच्या दशकात एकत्र आली.

पहिले कारण सूक्ष्मप्रक्रियक. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने संगणकाचा मुख्य गणक एका चिपेवर बसविला. चिपेचा आराखडा करण्याचा आणि कारखाना उभारण्याचा खर्च प्रचंड असतो. पण एकदा कारखाना उभा राहिला की चिपांमागून चिपा काढण्याचा खर्च अल्प. म्हणजे जितक्या अधिक विकाव्या तितकी एकेकीची किंमत कमी. छापखान्याच्या अर्थशास्त्राशी हे जुळते : खिळे जुळविण्याचा खर्च पहिल्या प्रतीवर, पुढच्या प्रतींवर केवळ कागद आणि शाई.

दुसरे कारण नकलेची मुभा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक १,५६५ डॉलर या आरंभीच्या किमतीस बाजारात आणला. तो घाईने तयार केलेला होता. त्याचे बहुतेक भाग बाजारातून घेतलेले, प्रक्रियक इंटेलचा, प्रचालन प्रणाली मायक्रोसॉफ्टची. या दोन्ही कंपन्या आपला माल इतरांनाही विकण्यास मोकळ्या होत्या. आयबीएमची म्हणून जी होती ती मुख्यतः यंत्र सुरू होताना लागणारी एक छोटी आज्ञावली. कॉम्पॅक कंपनीने ती मूळ मजकूर न पाहता, केवळ तिच्या वर्तनावरून नव्याने लिहून काढली आणि १९८२ च्या अखेरीस जुळता संगणक जाहीर केला. पुढे ही आज्ञावली सुटी विकणाऱ्या कंपन्याही निघाल्या. मग तैवानपासून दिल्लीपर्यंत ज्याच्याजवळ भाग जोडण्याचे कसब होते, तो संगणक बनवू लागला.

तिसरे कारण येथील धोरण. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने लहान संगणकांची निर्मिती आणि सुट्या भागांची आयात पुष्कळशी सुलभ केली. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य ओसरले. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक करारात सामील झाला आणि संगणकांवरील आयातकर पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरत गेला. या तिन्ही कारणांचा संगम ज्या जागी डोळ्यांना दिसे, त्या जागा म्हणजे दिल्लीचे नेहरू प्लेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तेथील लहानशा गाळ्यांत ‘असेंबल्ड’ संगणक जुळवून मिळत. नाममुद्रा नाही, छापील पावतीची शाश्वती नाही, पण किंमत नामांकित कंपनीच्या यंत्रापेक्षा स्पष्टपणे कमी. सामान्य भारतीय ग्राहकाचा पहिला संगणक पुष्कळदा अशाच गाळ्यात जन्मला.

खरेदीइतकीच महत्त्वाची गोष्ट दुरुस्तीची. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरकडचे कैलास काटकर यांनी शालान्त शिक्षणानंतर पुण्यात गणनयंत्रे दुरुस्त करण्याचे काम धरले, पुढे स्वतःचे दुकान काढले आणि संगणक दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणू-आज्ञावल्यांचा उपद्रव आढळू लागला, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा म्हणून लिहिलेल्या आज्ञावलीतून १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. स्वस्त यंत्राला स्वस्त वैद्य लागतो. तो गावात असल्याखेरीज ग्राहक यंत्र घेण्यास धजत नाही. या वर्गाचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही.

४

यंत्र आले, त्याने करावयाचे काय? येथे आज्ञावलीचा प्रश्न येतो. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिजिकॅल्क’ ही तक्त्याची आज्ञावली अमेरिकेत सुमारे १०० डॉलरना विकू लागली आणि केवळ तिच्यासाठी लोक संगणक घेऊ लागले. १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ची किंमत ४९५ डॉलर होती. त्याच वर्षी बोरलँड कंपनीने ‘टर्बो पास्कल’ ही आज्ञावली-लेखनाची साधनसामग्री अवघ्या ५० डॉलरांच्या आसपास विकून दाखविले की, अशा मालाची किंमत उत्पादनखर्चावर ठरत नसून किती ग्राहक मिळतील या अटकळीवर ठरते. पहिली प्रत लाखमोलाची, दुसरी फुकटाच्या मोलाची : ग्रंथाचे अर्थशास्त्र येथे टोकाला गेलेले दिसते.

भारतीय कायद्याने हे साम्य शब्दशः स्वीकारले, ही बाब साहित्याच्या अभ्यासकांस मनोरंजक वाटेल. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९८४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत समाविष्ट केली. कादंबरी, कवितासंग्रह आणि पगारपत्रकाची आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने एकाच कुळातील ठरली. १९९४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा किमान सात दिवसांच्या कारावासाचा गुन्हा केला. व्यवहार मात्र निराळा होता. शेकडो डॉलरांची आज्ञावली अनेकांकडे पोहोचली ती एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून. गाळ्यातील विक्रेता संगणकाबरोबर ती भरून देई आणि ग्राहक तिला यंत्राचाच भाग समजे. ही चोरी होती, यात शंका नाही. पण संगणक वापरू लागलेल्या पिढीतील अनेकांचे शिक्षण याच चोरट्या प्रतींवर झाले, हेही नाकारता येत नाही. आज्ञावलीची किंमत शून्य आहे ही जी समजूत या व्यवहारातून रुजली, तिचा फटका पुढे देशी आज्ञावली लिहिणाऱ्यांनाच, विशेषतः भारतीय लिप्यांसाठी काम करणाऱ्यांना बसला.

या काळातील सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘टॅली’चे आहे. श्यामसुंदर गोएंका यांचा व्यवसाय गिरण्यांना व कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरविण्याचा. आपल्या हिशेबासाठी सोयीची आज्ञावली त्यांना मिळेना, तेव्हा त्यांचे पुत्र भरत यांनी ती लिहिली आणि १९८६ मध्ये बंगळूर येथे पितापुत्रांनी कंपनी काढली. तत्कालीन आज्ञावल्या प्रत्येक खात्याला एक सांकेतिक क्रमांक मागत. यंत्राला क्रमांक सोयीचा, म्हणून माणसाने तो पाठ करावयाचा. टॅलीने खात्याला नावानेच ओळखण्याची सोय दिली. रोजकीर्द आणि खतावणी यांवर वाढलेल्या मुनिमाला आपली खाती आपल्याच नावांनी पडद्यावर दिसू लागली. परवडणे म्हणजे केवळ कमी पैसे देणे नव्हे. नवी वस्तू शिकण्यास जे श्रम पडतात, तीही किंमतच असते. टॅलीने ती किंमत उतरविली, आणि तिच्या प्रसाराचे हे एक मोठे कारण आहे.

हा लेख जेथे लिहिला जात आहे, त्या मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत या उदाहरणाचा अर्थ विशेष जाणवतो. येथे मारुती सुझुकी आणि होंडा यांसारख्यांचे प्रचंड कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांवरच त्यांचे चाक फिरते. मोठा कारखाना भलत्या किमतीची व्यवस्थापन-आज्ञावली विकत घेऊ शकतो. पुरवठादाराला मात्र गोएंकांना पडलेला प्रश्नच पडतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून विवरणपत्र संगणकजाळ्यावरूनच भरावे लागते, म्हणजे हिशेबाची आज्ञावली ही चैन न राहता मीठमिरचीसारखी गरजेची झाली. चाकण आणि भोसरी येथील पुरवठादारांची गोष्ट याहून वेगळी नाही. फरक असलाच तर भाषेचा : भोसरीचा मुनीम बोलतो मराठीत, पण त्याची खातेवही पडद्यावर दीर्घकाळ इंग्रजीतच राहिली. टॅलीची बहुभाषिक आवृत्ती आली ती २००६ मध्ये, कंपनीच्या स्थापनेनंतर वीस वर्षांनी.

५

ही वीस वर्षे का लागली, याचे उत्तर अक्षराच्या किमतीत आहे.

देवनागरी हे यंत्राला नेहमीच महाग पडलेले अक्षर आहे. खिळ्यांच्या छपाईत इंग्रजीची पेटी आटोपशीर. देवनागरीला जोडाक्षरे, अर्धाक्षरे आणि वरखालच्या मात्रा मिळून शेकडो खिळे लागत. म्हणूनच लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छपाईसाठी खिळे कमी करण्याचा प्रयत्न केला आणि सावरकरांनी अ-ची बाराखडी पुरस्कारिली. लिपिसुधारणेच्या वादाला आपण पुष्कळदा सांस्कृतिक वाद मानतो. त्याच्या मुळाशी छापखान्याचा हिशेबही होता. टंकलेखन यंत्राने तडजोडीचे मराठी अक्षर दिले आणि कचेऱ्यांनी ते मुकाट्याने स्वीकारले.

संगणकात अक्षर म्हणजे एक क्रमांक. इंग्रजीपुरती व्यवस्था असलेल्या संगणकात २५६ जागा, त्यांतील पहिल्या १२८ इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांनी भरलेल्या. देवनागरीसाठी दोन मार्ग संभवत होते. पहिला, अक्षराच्या उच्चारमूल्याला क्रमांक द्यावा आणि त्याचे रूप, म्हणजे जोडाक्षर कसे दिसावे हे, यंत्राने ठरवावे. दुसरा, दिसणाऱ्या तुकड्याला क्रमांक द्यावा : अर्धा ‘क’ एक, काना दुसरा, रफार तिसरा, आणि ते जुळाऱ्याप्रमाणे शेजारी शेजारी मांडावेत. पहिला मार्ग भाषेचा, दुसरा खिळ्यांचा.

पहिल्या मार्गाचे काम कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सत्तरीच्या अखेरीस व ऐंशीच्या दशकात झाले आणि मोहन तांबे यांच्याबरोबर ते पुण्यास आले. पुण्यात १९८८ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले होते. महासंगणक बांधणाऱ्या या संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे एक कार्डही तयार केले. ते साध्या वैयक्तिक संगणकात बसविले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या वर्डस्टार, डीबेससारख्या आज्ञावल्या भारतीय लिप्यांत चालत. त्यामागील संकेतव्यवस्था ‘इस्की’ या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान अक्षरांना तीत एकच क्रमांक असल्याने मराठी मजकूर एका कळीसरशी कन्नड किंवा बंगाली लिपीत पाहता येई. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या कल्पनेला दाद दिली पाहिजे : भारतीय लिप्यांचे अंतर्गत ऐक्य येथे सिद्धान्तरूपाने नव्हे, तर चालत्या यंत्राच्या रूपाने मांडलेले होते. पण कार्ड म्हणजे जादा यंत्रसामग्री आणि जादा यंत्रसामग्री म्हणजे जादा पैसे. ते सरकारी कचेऱ्यांना परवडले. गल्लीतल्या छापखान्याने निराळी वाट धरली.

ती वाट खिळ्यांची. १९८४-८५ च्या सुमारास लेसर मुद्रक आणि ‘पेजमेकर’ ही पृष्ठरचनेची आज्ञावली अमेरिकेत आली, आणि नव्वदीच्या दशकात अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळूरची ‘आकृती’, सी-डॅकची ‘आयएसएम’ अशी अक्षरसंचांची पॅकेजे बाजारात होती. नकलेच्या भीतीने काहींबरोबर यंत्राला जोडावयाचे कुलूपही येई. या पॅकेजांचे मराठी साहित्यावरील ऋण मोठे आहे. डीटीपी हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत गेला. घरातील एका खोलीत संगणक आणि मुद्रक मांडून कोणीही जुळणीचे काम घेऊ लागला. लहान प्रकाशकाला, अनियतकालिकाच्या संपादकाला, दिवाळी अंक काढणाऱ्याला मोठ्या छापखान्याचे उंबरे झिजविण्याचे कारण उरले नाही. नव्वदोत्तरी मराठी साहित्यातील नव्या आवाजांचा विचार करताना या भौतिक सुलभतेचा विचार समीक्षेने फारसा केलेला नाही.

परंतु घोडे येथेच पेंड खाऊ लागले. दिसणाऱ्या तुकड्याला क्रमांक देणाऱ्या या व्यवस्थेत प्रत्येक कंपनीचा क्रमांक निराळा. यंत्राच्या स्मृतीत ‘क’ नसे. असे ते इंग्रजी अक्षराच्या किंवा एखाद्या चिन्हाच्या जागेवर बसविलेले ‘क’चे चित्र. अक्षरसंच काढून घेतला की उरे ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. एका पॅकेजात जुळविलेली कादंबरी दुसऱ्यात उघडत नसे. अकारविल्हे लावता येत नसे, शब्द शोधता येत नसे. कागदावर उमटेपर्यंत सर्व काही मराठी. यंत्राच्या पोटात मराठीचा मागमूस नाही.

६

या कोंडीतून सुटका झाली ती ‘युनिकोड’ या जागतिक संकेतव्यवस्थेमुळे. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरीसाठी तिने इस्कीच्या १९८८ च्या आराखड्याचाच आधार घेतला. मात्र प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. म्हणजे कानपूर-पुण्याची मूळ कल्पना जगभर गेली, पण लिप्यांच्या ऐक्याचा धागा मागे राहिला. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची सोय आली आणि तिच्याबरोबर ‘मंगल’ हा अक्षरसंच. तो रचला मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करणारे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ज्या अक्षराने भारतातील लक्षावधी पडद्यांवर प्रथम देवनागरी उमटली, ते एका मराठी कवीच्या हातचे होते. पुढे पुण्यातील रेड हॅटच्या चमूने सांभाळलेला ‘लोहित’, मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’ असे मोफत व मुक्त परवान्याचे अक्षरसंच आले. २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे या नव्या अवस्थेचेच अपत्य. कुलूप लावून विकले जाणारे अक्षर आता विनामूल्य झाले.

विनामूल्य वस्तूचीही काही किंमत असतेच. ‘मंगल’मधील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी धाटणीची होती; महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढून मराठी वळणे निश्चित केली, तरी पडद्यावर हिंदी वळणेच पुष्कळ काळ वावरली. ‘ॲ’ या मराठीला नित्य लागणाऱ्या स्वरचिन्हाला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. स्वस्ताई घाऊक प्रमाणावर येते, आणि घाऊक माल बहुसंख्य ग्राहकाच्या मापाने शिवलेला असतो. ज्या भाषेला आपले माप निराळे आहे असे वाटते, तिने ते वेळेवर सांगावे लागते.

यंत्र आणि अक्षर दोन्ही परवडू लागल्यावर प्रश्न उरला वापरणाऱ्याचा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने खेडोपाडीच्या लक्षावधी विद्यार्थ्यांचा हात प्रथम कळफलकावर ठेवविला. त्याआधी, १९९८ मध्ये, वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात सुरू झाला. उसाचे वजन, तोडणीची पाळी, येणे-देणे यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू. काही वर्षांनी अभ्यासकांना आढळले की गावकेंद्रातील संगणकाचा उपयोग मुख्यतः या ठराविक माहितीपुरताच होतो. तेव्हा काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवरील संदेशांनी तेच काम करून पाहिले गेले, आणि ते स्वस्तात झाले. शेतकऱ्याला हवा होता तो उसाचा हिशेब. संगणक हे त्याचे एक साधन होते, इतकेच. पुढे स्मार्टफोनने, आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटाने, हा धडा सर्वत्र गिरविला. सामान्य ग्राहकाचा संगणक अखेर फोनच्या रूपाने आला, आणि तो युनिकोडमधील मराठी घेऊनच आला.

७

आता या सर्वांचा ताळेबंद मांडावयास हरकत नाही. जमेच्या बाजूस यंत्र आहे, अक्षर आहे आणि वापरणारा आहे. नावेच्या बाजूस दोन बाबी आहेत.

पहिली बाब भाड्याची. अडोबी कंपनीने २०१३ मध्ये आपल्या मुद्रणविषयक आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवून त्या वर्गणीने देण्यास सुरुवात केली. इतरांनीही तीच वाट धरली. वर्गणी आरंभी स्वस्त वाटते, पण ती थांबली की हत्यारही थांबते. साठच्या दशकात भाड्याने आरंभ झालेली ही कथा विकतच्या यंत्रावरून फिरून पुन्हा भाड्याशी आली आहे. लहान प्रकाशकाने मुक्त आज्ञावल्यांचा विचार करावा, तो केवळ पैसे वाचविण्यासाठी नव्हे. आपला मजकूर आपल्या ताब्यात राहावा यासाठी.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत संगणकावर जुळविलेली मराठी पुस्तके बव्हंशी खिळ्यांच्या मार्गाने जुळविलेली आहेत. त्यानंतरही अनेक मुद्रणालयांनी तीच पॅकेजे सोडली नाहीत. कारण जुनी पृष्ठरचनेची आज्ञावली युनिकोड देवनागरी मानीत नव्हती आणि नवी घेणे परवडत नव्हते. या पुस्तकांच्या संगणकीय प्रती असल्या तरी त्या वाचणारा अक्षरसंच, तो अक्षरसंच चालविणारे यंत्र आणि काही वेळा ते कुलूपही जुळून यावे लागते. परिणाम विलक्षण आहे. निर्णयसागरने शंभर वर्षांपूर्वी छापलेले पान आज छायाचित्र घेऊन यंत्राकडून बऱ्याच अंशी वाचून घेता येते. तीस वर्षांपूर्वी संगणकावरच जन्मलेल्या कवितासंग्रहाची मूळ फाईल मात्र निरर्थक अक्षरांचा ढीग म्हणून उघडते. दलित, ग्रामीण आणि स्त्रियांच्या लेखनातील पुष्कळसे महत्त्वाचे साहित्य, विशेषतः लहान प्रकाशकांचे, याच काळातील आहे. ज्या स्वस्त साधनाने हे आवाज छापले जाऊ शकले, त्याच साधनाने त्यांची संगणकीय प्रत मुकी करून ठेवली.

या रोगावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. कोणत्या अक्षरसंचात कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर आहे याचा तक्ता हाती असेल, तर जुना मजकूर युनिकोडमध्ये उतरविणारी आज्ञावली लिहिता येते. प्रचलित संचांसाठी अशा आज्ञावल्या उपलब्धही आहेत. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे माणसाने तपासावी लागतात, कारण तुकडे मांडण्याचा क्रम आणि उच्चाराचा क्रम येथे एक नसतो. हे काम संगणकतज्ज्ञाचे कमी आणि पाठचिकित्सकाचे अधिक आहे. विद्यापीठांच्या भाषाविभागांनी आपल्या परिसरातील प्रकाशकांकडे आणि जुळणीकारांकडे पडून असलेल्या फायली, त्या वाचणारी यंत्रे चालू आहेत तोवर, मागवून घ्याव्यात. अक्षरसंचाचे नाव प्रत्येक फायलीबरोबर नोंदवावे. आणि हस्तलिखितांच्या सूचीप्रमाणे त्यांची सूची करावी. चकत्या खराब होतात, जुळणीकार धंदा बंद करतात आणि जुने यंत्र भंगारात जाते. हस्तलिखिताला वाळवी लागण्यास शतके लागत. येथे दशके पुरतात.

संगणक सामान्य माणसाला परवडू लागला, या वाक्याचा पूर्ण अर्थ तेव्हाच सिद्ध होईल, जेव्हा त्या सामान्य माणसाने त्याच्यावर लिहिलेले त्याच्या नातवंडांनाही वाचता येईल. यंत्राची किंमत बाजाराने उतरविली. अक्षराची किंमत कानपूर, पुणे आणि मुंबई येथील काही चिकाटीच्या माणसांनी उतरविली. उरलेले कर्ज साहित्याच्या अभ्यासकांच्या नावावर आहे.